जुन्या भिंतींचे फोटो काढतो, पण घरी येऊन बघितलं की नुसती भिंतच दिसते. काय करावं?

गोलाईवाला

नमस्कार मंडळी. मी लातूरचा. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन गल्ल्या फिरायचा नाद लागलाय आणि त्यात माणसं, बैलगाड्या, सूर्यास्त सगळं सोडून मला सारख्या भिंतीच दिसायल्यात. गंजगोलाई बाजाराच्या मागच्या गल्ल्या, वाड्यांच्या बाजूच्या भिंती, पोपडे धरलेला ऑइलपेंट, ओलीचे डाग. आणि आमच्या ट्यूशन एरियात तर क्लासची पोस्टरं एकावर एक चिकटवलेली, वरचं फाटलं की मागच्या वर्षीचा टॉपर डोकावतो, अर्धा चष्मा, अर्धे मार्क, त्याच्याखाली अजून कुणाचा तरी कान. बघताना लई भारी वाटतं. पण कॉम्प्युटरवर उघडलं की सगळी हवा जाते. मोबाईलचा वॉलपेपर म्हणून कुणी लावेल एवढंच, फोटो म्हणून काही उभं राहत नाही.

गियर म्हणाल तर जुना क्रॉप सेन्सरवाला (म्हणजे छोट्या सेन्सरचा) डीएसएलआर, त्याच्यासोबत मिळालेली १८-५५ किट लेन्स, आणि मोबाईल.

विचारायचं असं की अशा भिंतीत तुम्ही काय बघून थांबता? लाइट कधीचा घ्यावा? सगळे गोल्डन अवर गोल्डन अवर (सकाळ-संध्याकाळचं सोनेरी ऊन) करतात पण आमच्या गल्ल्या इतक्या अरुंद की तो उजेड तिथं पोचतच नाही. आणि लोकांचं काय करायचं, भिंतीपुढं कॅमेरा धरला की कोणीतरी येऊन विचारतंच, काय मोजायलाव साहेब, महापालिकेचे का?

गुलमंडीकर

लाइटपासून सुरू करतो भाऊ, कारण त्यावर माझं मत जरा वेगळंय. गोल्डन अवर सोडून द्या. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, लातूरला मेच्या मध्याला आणि आमच्या संभाजीनगरला त्यानंतर आठवडाभरात. (जुलैच्या शेवटी परत येतो पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं.) या दिवसांत सव्वाबारा ते साडेबाराच्या आसपास ऊन भिंतीच्या अंगावर समोरून पडत नाही, वरून भिंतीला घासत खाली उतरतं. मग प्रत्येक पोपड्याची, खिळ्याची, गिलाव्याच्या कडेची सावली खाली लांबच लांब ओढली जाते आणि एरवी सपाट दिसणारी भिंत एकदम उठून येते. पूर्वेकडं तोंड असलेली भिंत असेल तर बाराच्या जरा पुढं जाऊन उभं राहायचं, पश्चिमेची असेल तर साडेबारानंतर. थोडाच वेळ मिळतो. फोटोग्राफीचे व्हिडिओ बघून आपण दुपारी कॅमेरा बॅगेत ठेवायला शिकलो, पण ते सांगणारे बहुतेक थंड मुलखातले, त्यांच्याकडं सूर्य कधी डोक्यावर येतच नाही तर त्यांना काय माहीत. डोक्याला रुमाल बांधा, पाणी न्या. अजून एक फायदा म्हणजे मे महिन्यात दुपारी गल्लीत चिटपाखरू नसतं, महापालिकेचे का असं विचारायला उन्हात कोण येतंय!

हे झालं खडबडीत भिंतीचं. रंगासाठी मात्र उलटं करायचं. ऑइलपेंट आणि पोस्टरचा कागद उन्हात चमकतो, रंग धुतल्यासारखा फिका येतो. त्याला सावली पाहिजे नाहीतर पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ. ओली भिंत तर अजून गडद दिसते, पाऊस थांबला की लगेच निघायचं.

आता काय बघून थांबतो ते. मी पोपडा बघून थांबत नाही, पोपडे गावभर आहेत. दोन गोष्टी एकमेकींना कुठं भिडल्यात ते शोधतो. आमच्या जुन्या शहरात रस्ता रुंदीकरणात घरं अर्धी कापली गेली, त्यात आतली भिंत बाहेरची झाली. पोपटी खोली, तिच्याशेजारी निळी खोली, मधून गेलेल्या जिन्याचा तिरका ठसा, एक देवळी तशीच काजळी धरलेली, कॅलेंडर होतं तिथं फिकट चौकोन. आता हे सगळं एका फोटोत कोंबलं तर ते पडक्या घराचं चित्र झालं, पेपरात छापायचं. पण फक्त पोपटी-निळ्याची सरळ रेघ आणि तिला कापत जाणारा जिन्याचा तिरका ठसा एवढंच घेतलं, वर आकाश नाही, खाली रस्ता नाही, तर बघणारा अडकतो. हे केवढं आहे तेच त्याला कळत नाही, वीतभर की दोन मजले. मोजमाप कळायची सोय काढून टाकली की भिंत भिंत राहत नाही. दाराची कडी, स्विचबोर्ड, मीटरची वायर, यातलं काहीही कोपऱ्यात आलं की लगेच डोळ्याला अंदाज येतो आणि मजा गेली. म्हणून बटण दाबायच्या आधी मधला भाग बघूच नका, चारी कडा फिरून बघा. माझे तर निम्मे फोटो कडेनेच मरतात.

बिनकामाचा_नांदेड

आमच्या घराची भिंत पण अशीच झालीय, या की फोटो काढायला. जाताना रंग पण लावून जा 😄

सिरियसली, मला हा प्रकार कधी कळला नाही. ज्याचं घर गळतंय त्याला विचारा ओल किती सुंदर दिसते ते.

पांढरी_माती

नांदेडकर दादा, गळतं का त्याचं उत्तर आधी देते, मग सुंदरतेचं बघू. 😊 मी सिव्हिलवाली, परभणीत असते, जुन्या बांधकामांची दुरुस्ती हे माझं रोजचं काम, त्यामुळं या भिंती मी फोटोसाठी नाही, खरवडण्यासाठी बघते. पण गोलाईवाले भाऊ, भिंत काय करतेय हे कळलं तर तुम्हाला कुठं उभं राहायचं ते आपोआप कळेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडची जुनी भिंत म्हणजे दगड नाहीतर विटा, मधे पांढरी माती किंवा चुना, वरून चुन्याचा गिलावा आणि दरसाल दिवाळीला चुन्याची सफेदी, त्यात थोडी नीळ. चुन्याचा लेप हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत चुनखडीच होतो, आणि महत्त्वाचं म्हणजे त्यातून भिंतीतली ओल बाहेर जाऊ शकते. म्हणून चुन्याची भिंत जुनी झाली तरी पापुद्रे धरत नाही, ती झिजते, भुकटी होते, ढगासारखे मऊ डाग पडतात आणि मागच्या सालांचे निळसर-पिवळसर थर हळूहळू वर येतात. डिस्टेंपर पण तसाच, हाताला लागणारा, पाठ टेकली की शर्ट पांढरा.

मग कधीतरी कोणीतरी खालच्या अर्ध्या भिंतीला ऑइलपेंटचा पट्टा मारतं, पुसायला सोपा म्हणून. तिथून खेळ सुरू होतो. जमिनीतली ओल भिंतीत वर चढते, तिच्यासोबत क्षार चढतात. ऑइलपेंटमधून ती बाहेर पडू शकत नाही मग ती अजून वर सरकते आणि पट्टा संपतो तिथं बाहेर येते. पाणी उडून जातं, क्षार तिथंच राहतात, त्यांचे खडे होतात आणि ते खडे फुगून रंगाला आतून ढकलतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. त्यामुळं सगळ्यात जास्त फुगवटे, वळलेले पापुद्रे, पांढरी बुरशीसारखी रांगोळी हे सगळं पट्ट्याच्या वरच्या कडेला, म्हणजे साधारण कंबर ते छातीच्या उंचीला सापडतं. वरती बघत फिरू नका, वाकून बघा. आणि हिवाळा-उन्हाळा बघा, पावसात लोणा विरघळून दिसेनासा होतो, भिंत सुकायला लागली की परत येतो.

सगळ्यात वाईट म्हणजे मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा. मजबुती म्हणून करतात, आणि आतली ओल आतच कोंडते. मग एक दिवस सिमेंटचा अख्खा पत्रा सुटून पडतो, खाली पांढरी माती उघडी. इंजिनिअर म्हणून बघितलं की डोकं दुखतं, पण खरं सांगू का, त्या करड्या सिमेंटच्या धारदार कडेला लागून ती मऊ पांढरी माती दिसते ना, तिथं मी पण मोबाईल काढते.

गुलमंडीकर म्हणतात ते दोन गोष्टी भिडण्याचं बरोबर आहे, फक्त त्या दोन गोष्टी रंगाच्याच असतील असं नाही. श्वास घेणारं आणि न घेणारं एका भिंतीवर आलं की तिथं काहीतरी घडतच असतं.

रोलवाला

व्वा ताई, लोण्याचं हे आजवर कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं.

मी फिल्मच्या जमान्यातला, जालन्याचा. गोलाईवाले, तुम्ही आरन सिस्किंड बघा, नेटवर भरपूर सापडतील. अमेरिकेतला फोटोग्राफर, १९०३ ते १९९१. गंमत म्हणजे हा माणूस सुरुवातीला पक्का डॉक्युमेंटरीवाला, १९३० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतलं जगणं टिपायचा. १९४० नंतर त्यानं तोंड फिरवलं आणि दोरखंडाचे तुकडे, सोललेला रंग, डांबराचे फराटे हेच विषय केले. डी कूनिंग, फ्रांझ क्लाइन हे अ‍ॅबस्ट्रॅक्ट एक्स्प्रेशनिस्ट चित्रकार (ओळखीची वस्तू न काढता नुसत्या रंग-फराट्यांची चित्रं काढणारे) त्याचे दोस्त. आणि फोटोंची नावं बघा, नुसतं गाव आणि साल, ‘जेरोम, ॲरिझोना, १९४९’, बास. ‘काळाचे घाव’, ‘मौनाची भिंत’ असली नावं नाहीत (आपल्या ग्रुपांवर याची साथ आलीय). नाव दिलं की बघणारा ते नावच शोधत बसतो.

दुसरा फोटोग्राफर ब्रासाय. त्याची रात्रीच्या पॅरिसची चित्रं सगळ्यांना ठाऊक, पण हा माणूस १९३० च्या दशकापासून पॅरिसच्या भिंतींवर लोकांनी कोरलेले चेहरे, बदाम, खुणा टिपत होता. कुठली भिंत कुठल्या गल्लीत ते वहीत टिपून ठेवायचा आणि वर्षांनी परत जाऊन बघायचा की त्याचं काय झालं. हे तुम्हाला फुकटात करता येईल. एक गल्ली धरा, तीच भिंत दर ऋतूत बघा. रोज नवीन भिंत शोधणारा नुसता टेक्स्चर गोळा करत राहतो.

आणि तुमचा टॉपरचा कान! १९४९ पासून पॅरिसमध्ये जाक व्हिलग्ले आणि त्याचा एक साथीदार रस्त्यावरची फाटलेली पोस्टरं भिंतीवरून थरासकट काढून आणायचे आणि तशीच कलाकृती म्हणून टांगायचे. फाडलेलं अनोळखी लोकांनी, निवडलेलं यांनी. लातूरच्या ट्यूशन एरियात तो आला असता तर ट्रक भरून नेला असता.

बिनकामाचा_नांदेड

ते सगळं ठीक आहे काका पण पॅरिसची भिंत आणि आमची भिंत यात फरक आहे की नाही? हार्लेममधली माणसं सोडून भिंतीकडं वळला हे तुम्ही कौतुकानं सांगायलात, मला तर तेच खटकायलंय. माणूस काढून टाकला की सगळंच सुंदर दिसतं.

सास्तूर_रोड

वाचत होतो, नांदेडकरांचं वाचून लिहावं वाटलं. मी किल्लारीच्या भागातला. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या आत भूकंप झाला, आदल्या दिवशी गणपती विसर्जन, माणसं थकून झोपलेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं ओझं, तेच अंगावर आलं. गावं दुसरीकडं वसवली, जुन्या जागी आता बाभळी आणि दगडांचे ढीग, कुठं कुठं भिंतीचा तुकडा. तिथं फोटोवाले येतात. एकजण मला विचारत होता की इथं ‘रॉ’ टेक्स्चर कुठं मिळेल. मी काही बोललो नाही, दाखवलं आणि निघालो.

पण म्हणून भिंतीचे फोटो काढू नयेत असं माझं म्हणणं नाही. सगळ्या पडक्या भिंती एकसारख्या नाहीत एवढंच. काही रंग उडून पडतात, काही पाण्यानं, काही भाऊबंदकीनं. आमच्या तालुक्याच्या गावात एक वाडा आहे, वाटणीची केस तीन पिढ्या चालू, कोणी दुरुस्ती करत नाही कारण दुरुस्त करील त्याचा हक्क मानतील अशी बाकीच्यांना भीती. त्या भिंतीचा पोपडा म्हणजे कोर्टाची तारीख आहे. तुम्ही अ‍ॅबस्ट्रॅक्ट काढा, खुशाल काढा, पण तुम्हाला स्वतःला तरी माहीत असू द्या की हे कशानं पडलं. फोटोत दिसलं नाही तरी चालेल.

गोलाईवाला

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. नांदेडकर दादा तुमचंही, खरं तर मला पण ते मधून मधून टोचतं. सास्तूरवाल्यांचं वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही.

काल ताईंनी सांगितल्यासारखं वाकून बघत फिरलो तर पट्ट्याची वरची कड खरंच सगळीकडं तशीच निघाली! आता एक टेक्निकल. चुन्याच्या पांढऱ्या भिंती कॅमेऱ्यात करड्या येतात आणि मोबाईलमध्ये उलट सगळं इतकं करकरीत येतं की पोपडा प्लास्टिकचा वाटतो. आणि सरळ रेघा किट लेन्सला बाकदार येतात.

गुलमंडीकर

करडं येतं कारण कॅमेऱ्याचा मीटर समोरच्या प्रत्येक गोष्टीला मध्यम करडी समजूनच मोजतो. पांढऱ्या भिंतीला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ-गडद करायची सोय) अधिक दोन-तृतीयांश ते अधिक एक द्या, काजळीच्या भिंतीला उणे. हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) उजवीकडं चिकटला नाही एवढं बघा.

किट लेन्स १८ ला बाक देणारच, ३५ च्या पुढं झूम करा आणि पायानं मागं जा. अ‍ॅपर्चर एफ ८. भिंत आणि सेन्सर समांतर पाहिजे, जरा तिरका झाला की एक बाजू सॉफ्ट येते आणि रेघा एकीकडं मिटायला लागतात. ग्रिड चालू करून विटांच्या ओळीशी जुळवा, अर्थात आपल्याकडच्या विटा सरळ असतील तर.

मोबाईलचा करकरीतपणा म्हणजे त्याचं आतलं शार्पनिंग आणि एचडीआर (उजेड-सावलीतला फरक कमी करणं), जिथं तुम्हाला सावली पाहिजे तिथंच तो सावली उघडून टाकतो. रॉमध्ये (मोबाईलनं असे फेरफार न केलेली फाइल) काढा. मेन लेन्स वाइड असते म्हणून टूएक्स झूम वापरा. व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा जुळवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवू नका, निळी भिंत बघून तो ती पांढरी करायला जातो. डेलाइटवर ठेवायचा, सावलीत निळसर आलं तर नंतर बघता येतं. आणि सॅच्युरेशनच्या स्लायडरला हात लावायचा मोह झाला की उठून चहा प्या.

पांढरी_माती

लोकांचं राहिलं की. मी रोज भिंतींपुढं उभी असते म्हणून सांगते, लोकांना फोटोची भीती नाही, मोजणीची आहे. रुंदीकरण, अतिक्रमण, घरपट्टी, नाहीतर वाटणीतल्या दुसऱ्या पार्टीनं पाठवलेला माणूस. त्यामुळं त्यांनी विचारायच्या आधी आपणच नमस्कार घालायचा आणि स्क्रीनवर फोटो दाखवायचा. बघितला की नव्वद टक्के हसतात, याला येडं लागलंय म्हणतात आणि मग स्वतःच सांगतात की मागच्या बोळात याच्यापेक्षा खराब भिंत आहे या दाखवतो. एखादी आजी म्हणाली नको काढू तर नाही काढायचा, भिंत रस्त्याकडंची असली तरी. आणि फोटो टाकताना घराचा नेमका पत्ता, लोकेशन टॅग टाकू नका, ज्या घरावर केस आहे तिथं तुमचा फोटो कोण कशाला वापरील सांगता येत नाही.

संरक्षित वास्तूंचं वेगळं. संभाजीनगरचा बीबी का मकबरा, देवगिरी किल्ला अशा पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी हातातला कॅमेरा चालतो पण ट्रायपॉडला परवानगी लागते. आणि कृपा करून कुणी फोटो चांगला यावा म्हणून सुटलेला पोपडा नखानं ओढू नका, मी असे महाभाग बघितलेत. संरक्षित जागी तर तो गुन्हाच आहे.

बिनकामाचा_नांदेड

ताई तुम्ही एवढं सांगितलंत म्हणून जाऊन घराची भिंत बघितली. पट्टा आहे ऑइलपेंटचा, आणि बरोबर त्याच्या वरती लोणा. आता फोटो काढू का पट्टा?

पांढरी_माती

दोन्ही. आधी फोटो काढून पाठवा 😄 मग पट्टा पूर्ण खरवडा, एक अख्खा उन्हाळा भिंत उघडी सोडा, सुकला लोणा कोरड्या ब्रशनं झाडा, पाण्यानं धुवू नका, नाहीतर क्षार परत आत जातात. नंतर चुनाच लावा. आणि पाणी येतंय कुठून ते शोधा आधी, बहुतेक मोरीच्या पाइपकडून असेल.

रोलवाला

गोलाईवाले, अजून एक राहिलं. स्क्रीनवर बघून निकाल लावू नका, निवडक दोनचार प्रिंट काढा. भिंतीचा फोटो चकचकीत कागदावर मरतो, मॅट घ्या, आणि मोठा काढा, निदान १२ बाय १८ इंच. लॅबवाला आपोआप कलर करेक्शन करून देतो, त्याला आधीच सांगा करू नको म्हणून, नाहीतर तुमची नीळ घातलेली सफेदी तो दुधासारखी पांढरी करून हातात देईल.